आरामासाठी जुनी लक्झरी एसयूव्ही घेताय? आधी मागच्या सीटवर बसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही गोव्यात फोंड्याला राहता, महिन्यातून दोनदा चोर्ला घाटाने बेळगावला जाता, आईच्या कमरेचे ऑपरेशन झालेले आहे आणि गाडी डांबर सोडून कधीच खाली उतरणार नाही. दोन गाड्या डोळ्यांसमोर आहेत. एक २०१८ ची व्होल्वो एक्ससी ६० डिझेल, एअर सस्पेन्शनची, ६२ हजार किलोमीटर चाललेली, कांदोळीच्या पहिल्या मालकाकडची. दुसरी २०१९ ची ऑडी क्यू ५ डिझेल, ४८ हजार किलोमीटर, दिल्ली पासिंग, मालकाने हौसेने २० इंची चाके बसवलेली. दोन्हींतली जास्त आरामदायी कोणती, असे तुम्ही विचारले आहे.

म्हापशाजवळ माझे गॅरेज आहे. बावीस वर्षे मुख्यतः सस्पेन्शन (म्हणजे चाकांचे धक्के गिळणारी यंत्रणा) आणि स्टिअरिंगचेच काम करतोय, म्हणून उत्तर त्याच बाजूने देतो. नव्या असताना या दोन्ही गाड्या उत्तम होत्या, आणि त्यांच्याच पंगतीतल्या बीएमडब्ल्यू एक्स ३ आणि मर्सिडीज जीएलसीसुद्धा. नव्या गाडीबद्दल लोकांनी जे लिहून ठेवले आहे ते तुम्ही वाचलेच असेल. पण तुम्ही नवी गाडी घेत नाही आहात. सात-आठ वर्षांत रबर वाळते, शॉकमधले (शॉक अॅब्सॉर्बरमधले) तेल झिरपते, टायर दगड होतो. आराम याच तीन गोष्टींवर उभा असतो. म्हणून माझ्या लेखी तुमचा खरा प्रश्न असा आहे: समोर उभ्या असलेल्या याच गाडीत आराम किती उरलाय, आणि हरवलेला परत आणायला किती पैसे पडतील?

‘आराम’ म्हणजे काय, तेही आधी ठरवा. मऊ गाडी म्हणजे आरामदायी गाडी, असा बहुतेकांचा समज असतो. केरी सोडून चोर्ल्याची वळणे लागली की फार मऊ गाडी बोटीसारखी डुलते आणि मागे बसलेली मुले पिशवी मागतात. ऑपरेशन झालेल्या कमरेला त्रास देतो तो वेगळाच प्रकार, म्हणजे खड्ड्याच्या कडेचा एकदम बसणारा तीक्ष्ण दणका. डुलणे सावरायला शॉक चांगले लागतात, दणका गिळायला टायरची उंची आणि बुश, म्हणजे सांध्यांमधले रबर. तुमच्या घरात दोन्हींची गरज दिसते, तेव्हा एकाच गोष्टीवर भाळून चालणार नाही. आईंनी किती वेळ बसावे, कसे बसावे हे डॉक्टरांनाच विचारा. तो माझा प्रांत नाही.

आता टायर. मी यावर जास्त बोलणार आहे, कारण गिऱ्हाईक सगळ्यात कमी लक्ष इथेच देते. या वर्गातल्या गाड्यांवर २३५/६० आर १८ हा अगदी सर्रास दिसणारा आकार. २३५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, १८ म्हणजे रिमचा व्यास इंचांत, ६० म्हणजे त्या रुंदीच्या ६० टक्के इतकी बाजूच्या भिंतीची उंची. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये १४१ मिलिमीटर रबर आणि हवा. २० इंची चाकावर बहुधा २५५/४५ बसवतात. तिथे ही भिंत ११५ मिलिमीटरची होते, म्हणजे सुमारे एक इंच उशी गेली. चाकाचा बाहेरचा घेर मात्र जवळजवळ तेवढाच राहतो, त्यामुळे गाडी दिसायला फक्त रुबाबदार होते आणि काय गमावले ते डोळ्याला कळत नाही. कमरेला कळते. शिवाय बारीक टायरवर खड्ड्याचा घाव थेट रिमवर बसतो. वाकडी रिम ८० ते १०० च्या वेगात थरथर देते, आणि कितीही बॅलन्सिंग करा, ती जात नाही. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरवून बाजूने बघितले की वाकडेपणा उघड्या डोळ्यांनी दिसतो. त्या ऑडीची चारही चाके अशी फिरवून बघितल्याशिवाय पुढे बोलूच नका.

टायरवर चार आकडी कोड असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही शिल्लक असो, सहा वर्षांपुढचा टायर मी आरामाच्या हिशेबात धरत नाही. रबर कडक होते, आवाज वाढतो, आणि आपल्याकडच्या पावसात पकडही राहत नाही. कमी चाललेल्या गाडीत ही फसगत जास्त होते: गाडी कमी चाललेली म्हणजे टायर अजून मूळचेच असण्याची शक्यता, आणि विकणारा तीच गोष्ट कौतुकाने सांगतो.

एक धडा मी स्वतः पैसे मोजून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी एका नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी मी एका विक्रेत्याकडे गाडी बघायला गेलो. चालवून बघितली, लोण्यासारखी. मीच सांगितले, घ्या. आठ दिवसांनी गिऱ्हाईक परत आले: गाडी आपटते. बघतो तर मधल्या काळात त्याने पंपावर हवा बरोबर करून घेतली होती. चालवायला दिली तेव्हा चारही टायरमध्ये हवा मुद्दाम कमी ठेवली असणार. मागचे दोन शॉक संपलेले होते आणि मऊ टायरांनी ते झाकून टाकले होते. माझ्यासारख्या माणसालाही फसवले म्हणून चार दिवस झोप लागली नाही. तेव्हापासून मी हवेचा गेज खिशात घेऊनच जातो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत जो स्टिकर असतो, त्यावर लिहिलेली हवा भरायची आणि मगच किल्ली फिरवायची. टायर थंड असताना.

काही गाड्यांवर, विशेषतः बीएमडब्ल्यूवर, रनफ्लॅट टायर मिळतील. पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालता यावे म्हणून त्यांची भिंत जाड आणि ताठ केलेली असते, आणि तो ताठरपणा लहान लहान खाचांवर जाणवतो. साधे टायर घातले की गाडी निवळते, पण अशा गाड्यांत बहुधा स्टेपनीच नसते. रात्री चोर्ल्याच्या माथ्यावर, जिथे मोबाइलची रेंज येते-जाते, तिथे पंक्चर झाले तर काय, याचे उत्तर स्वतःला देऊन मगच तो बदल करा. तुमच्या यादीत बीएमडब्ल्यू नाही, म्हणून यावर इतकेच.

सस्पेन्शनकडे येऊ. एअर सस्पेन्शनमध्ये लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबरी फुगा असतो, त्यात कॉम्प्रेसर हवा भरतो, आणि उंची मोजणारे सेन्सर ती कमी-जास्त करायला सांगतात. नीट असेल तर लांबच्या रस्त्याला याच्यासारखे सुख नाही. पण फुगा जिथे दुमडतो तिथे वर्षानुवर्षे बारीक चिरा पडतात, हवा गळू लागते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी तोही जळतो. म्हणजे बिघाड रबरात सुरू होतो आणि बिल कॉम्प्रेसरवर येऊन थांबते. कांदोळीची गाडी म्हणजे समुद्राजवळची. खारे वारे फुग्यापेक्षा त्याच्या आसपासचे जास्त खाते: वायरिंगचे प्लग, कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट, ब्रेकच्या नळ्या, सबफ्रेमचे (खालच्या लोखंडी चौकटीचे) बोल्ट. गाडी लिफ्टवर घ्या आणि टॉर्च मारा. वरवरचा तांबूस थर असेल तर घाबरू नका, किनाऱ्यावरच्या प्रत्येक गाडीला तो असतोच. पापुद्रे सुटत असतील, बोल्टचे डोके गोल झाले असेल, तर ती गाडी सोडा. उद्या एक बुश बदलायला गेलो आणि बोल्ट तुटला, तर अर्ध्या तासाच्या कामाला दोन दिवस लागतात. लिफ्टवाल्याला आधी सांगा की एअर सस्पेन्शन आहे. गाडी उचलण्यापूर्वी लेव्हलिंग, म्हणजे उंची आपोआप कमी-जास्त होणे, बंद करावे लागते.

ऑडीला डॅम्पर कंट्रोल असेल, म्हणजे मोड बदलला की शॉकचा ताठरपणा बदलतो, तर ते शॉक साध्यापेक्षा बरेच महाग असतात. तिथे फक्त एक बघायचे: शॉकच्या अंगावर धुळीत मिसळलेला ओलसर, काळपट थर आहे का. नुसता दमटपणा चालतो; तेलाचा ओघळ आला असेल तर तो शॉक गेला, आणि एक गेला तर जोडी बदलायची. मोड बदलून बघा. कम्फर्ट आणि डायनॅमिक यांत काहीच फरक जाणवत नसेल तर काहीतरी बिनसलेय. बोनेट दाबून गाडी किती वेळा हलते ते मोजण्याची जुनी युक्ती इथे वापरू नका. ती मारुती आठशेच्या काळातली. या गाड्या इतक्या जड आहेत की हाताने दाबून तुमचाच घाम निघेल.

आवाजांबद्दल. लहान खाचांवर पुढून ‘खडखड’ आली तर बहुधा लिंक रॉड, स्वस्तातला भाग. गतिरोधकावरून उतरताना एकच ‘टक’ आला तर टॉप माउंट (शॉकच्या वरचा रबरी आधार) किंवा बॉल जॉइंट (चाकाजवळचा गोल सांधा). वेगाबरोबर वाढणारी ‘घुर्र’ टायरचीही असते आणि बेअरिंगचीही. ओळखायची खूण अशी की मोकळ्या रस्त्यावर हलकेच डावीकडे वळवा. तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो. आवाज वाढला तर उजव्या बाजूचे बेअरिंग संशयित. न बदलता सारखाच राहिला तर टायर. वाळलेल्या बुशची ‘कुईंकुईं’ मात्र पावसाळ्यात ऐकूच येत नाही, कारण ओले रबर गप्प बसते. जुलैत बघितलेली गाडी डिसेंबरात बोलायला लागते, ती यामुळे. दसऱ्याला गाडी दारात हवी म्हणून लोक भर पावसात खरेदी उरकतात आणि नाताळात माझ्याकडे येतात.

पावसाचा एक फायदाही आहे. काचेच्या मोठ्या छताला कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. चिंचेखाली, आंब्याखाली गाडी उभी राहिली की त्यात पालापाचोळा अडकतो आणि पाणी आत, गालिच्याखाली जाते. पुढच्या मॅटखाली हात घाला. ओलावा किंवा कुबट वास लागला तर ती फक्त वासाची तक्रार समजू नका, कारण बऱ्याच गाड्यांत वायरिंगचे जोड तिथेच खाली असतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून टोकाला चिखलाची रेघ आहे का बघा, आणि सीटच्या रुळांचे स्क्रू गंजलेत का तेही. बुडालेली गाडी इथे पकडली जाते. दिल्लीच्या गाडीलाही हे बघायचेच.

चालवून बघण्याचा रस्ता विक्रेत्याला ठरवू देऊ नका. तो नेहमी नवा हायवे दाखवतो. फोंड्याहून मी असा नेईन: फर्मागुडीचा चढ, मग मंगेशीवरून कुंडईकडे, तिथून बाणस्तारीला आणि पुढे जुन्या गोव्यापर्यंत. मधेच एखाद्या वाड्यावरच्या उखडलेल्या, चिऱ्याचे खडे वर आलेल्या रस्त्यावर घ्या, तिथे ४० च्या वेगाने. गतिरोधकावरून एकदा दोन्ही चाके एकदम, एकदा शक्य असेल तर एकच बाजू. जमल्यास झुआरीच्या नव्या पुलापर्यंत जा. पुलाच्या सांध्यांवर ८० च्या आसपास जो छोटा दणका बसतो, त्याचा आवाज ऐका. चांगल्या गाडीत तो ‘धप्’ असा बंद वाटतो. ‘टण्’ असा उघडा वाटला तर बुश किंवा टायर संपत आलेत. म्युझिक बंद, एसी चालू. सिग्नलला गाडी डीमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उभी असताना सीटमध्ये थरथर आली तर इंजिनचे माउंट, म्हणजे त्याचे रबरी आधार, बघायला हवेत.

यातला अर्धा वेळ तुम्ही स्वतः मागे बसा आणि दुसऱ्याला चालवायला द्या. चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असते, खड्डा येणार हे त्याला आधी दिसते, अंग आपोआप सावरते. मागच्याला ती सोय नाही. गाडी घेणारा मागे बसून बघतोय, हे बावीस वर्षांत मी दहा-बारा वेळाच पाहिले असेल.

आणि याच ओघात एक सुचवतो. आईंना मागे बसवण्याची आपल्याकडे मानाची रीत आहे, पण मागची सीट मागच्या आसाच्या जवळ असते, म्हणून दणका तिथे जास्त लागतो. पुढची सीट दोन्ही आसांच्या साधारण मध्ये येते, तिला कमरेचा आधार आणि उंची बहुधा बटणावर कमी-जास्त होते, आणि समोरचा रस्ता दिसत असल्याने चोर्ल्यात मळमळही कमी. डावी पुढची सीट आईंना देऊन बघा. दार उघडून आत बसताना त्यांना पाय किती उचलावा लागतो, उंबरठ्याची रुंदी पार करताना कपडे घासतात का, हातांना धरायला काही आहे का, हे त्यांना बरोबर नेल्याशिवाय कळणार नाही. एअर सस्पेन्शनच्या व्होल्वोत गाडी उभी केल्यावर खाली बसवण्याची सोय सेटिंगमध्ये असते. आईंसाठी ती मला फार मोलाची वाटते. वीस मिनिटे बसवा, पाच नव्हे. शोरूममध्ये पाच मिनिटांत प्रत्येक सीट चांगली लागते.

गिअरबॉक्सचा आरामाशी संबंध हळू वाहतुकीत येतो. त्या पिढीच्या डिझेल क्यू ५ ला सात गिअरचा ड्युअल क्लच (दोन क्लचवर चालणारा ऑटोमॅटिक) आहे, एक्ससी ६० ला आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा). पर्वरीच्या रांगेत दहा पावले सरकत जाताना टॉर्क कन्व्हर्टर सहसा जास्त गुळगुळीत असतो. ड्युअल क्लचमधले क्लच झिजले की तो हिसके देतो. चालवताना मुद्दाम रांगेत घाला. गिअरबॉक्सचे तेल कधी बदलले त्याचे बिल मागा. ‘आयुष्यभर बदलावे लागत नाही’ हे उत्तर मी ऐकून घेतो आणि किंमत खाली आणतो.

कागदांबद्दल फारसे लिहीत नाही. दिल्लीच्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागेल. गोव्याचा रस्ताकर इथे नव्याने भरावा लागेल आणि नंबर बदलून घ्यावा लागेल. तिथला उरलेला कर परत मागता येतो, पण खटपट आहे. कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५. हा सगळा खर्च ऑडीच्या किमतीत मिळवून मगच दोन्ही आकडे शेजारी ठेवा. दिल्लीच्या गाडीच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो: कोरड्या हवेतल्या गाडीचा खालचा भाग किनाऱ्यावरच्या गाडीपेक्षा बराच स्वच्छ निघतो. ती लिफ्टवर बघून माझे मत फिरूही शकते.

आत्ता, न बघता, कल विचाराल तर आईंचा विचार करून तो एक्ससी ६० कडे जातो, पण एअर सस्पेन्शन धडधाकट असेल तरच. नसेल तर तीच गाडी तुमच्या खिशाला सगळ्यात जड. ऑडी आवडलीच असेल, तर १८ इंची चाके आणि चार नवे टायर यांचा भाव आधी काढून आणा आणि तेवढे किमतीतून कमी करायला सांगा. त्या चाकांवर ती तशीच घेऊ नका. कोणतीही घेतली तरी किमतीच्या दहा टक्के बाजूला ठेवा, असा माझा स्वतःचा हिशेब आहे. पहिल्या वर्षात ते लागतातच.

व्होल्वोच्या मालकाला एकच विनंती करा: संध्याकाळी सपाट जागेवर गाडी उभी करून किल्ली बंद. तासाभराने चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर टेपने मोजा, कागदावर लिहा. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, दारही उघडण्यापूर्वी, परत मोजा. चारही कोपरे थोडे सारखेच उतरले असतील तर फार काळजी नको, पण एकच कोपरा बोटभर खाली बसला असेल तर फुगा किंवा त्याचा व्हॉल्व्ह गळतोय. मालक रात्रभर गाडी उभी ठेवू देत नसेल तर कारण विचारा. ते आठ आकडे मला कळवा, मग किमतीचे बोलू.